हितं थांब, चहा

पडद्यावर कुठं मोठं पाणी दिसलं की मला एक प्रकरण आठवतं आणि मग पुढचा चित्रपट डोक्यात शिरत नाही. खून, दरोडे, अपहरणं, नोकरीत सगळं पाहिलं. त्यातलं पुष्कळसं विसरलोही. या प्रकरणात कुणाला साधा ओरखडा आला नव्हता, तरी तेच नेमकं मनातून जात नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं आपापल्या घरी आहेत आणि दारात पुन्हा पोलीस आलेले त्यांना नको आहेत.

तेव्हा मी सायबर शाखेत निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आलेल्या अधिकाऱ्याला तिथं पाठवलं, की त्याची पळापळ वाचते असा वरिष्ठांचा समज होता. संगणकातलं मला जेवढ्यास तेवढं कळायचं. शाखेत मराठवाड्याच्या एक महिला हवालदार होत्या, त्यांना बरंच कळायचं, पण त्या माझ्यासमोर ते दाखवायच्या नाहीत. आमचं बरं चाललं होतं.

एके दिवशी एका परदेशी चित्रपट कंपनीचे पुण्यातले वकील तक्रार घेऊन आले. कंपनीचा एक चित्रपट कुठल्याशा संकेतस्थळावरून फुकट वाटला जात होता. असं तर रोजच चालतं. पण या प्रतीला खाली मराठी ओळी जोडलेल्या होत्या आणि नेमकी हीच प्रत आखातात, कॅनडात, सिंगापुरात, इंग्लंडात उतरवून घेतली जात होती. शोधल्यावर अशा मराठी ओळींचे त्या कंपनीचे आणखी बरेच चित्रपट सापडले होते. करणारा मराठी, पाहणारे मराठी, मालक भलत्याच देशात आणि फाइल ज्या यंत्रावर ठेवलेली ते यंत्र आणखी चौथ्या देशात. ठाणे अंमलदारानं पहिला प्रश्न विचारला तो हद्दीचा. प्रेत रस्त्याच्या अलीकडं की पलीकडं यावरून दोन ठाणी भांडताना मी पाहिली आहेत, इथं तर निम्मं जग हद्दीत येत होतं.

कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. वकिलांनी एक मुद्दा फार ठासून मांडला. प्रत्येक चित्रपटाच्या साधारण मध्यावर, पडद्यावर कुणी बोलत नसताना, खाली एक ओळ उमटत होती: ‘हितं थांब. चहा.’ त्यांच्या मते हा टोळीचा सांकेतिक शब्द होता. ‘चहा’ म्हणजे पैसे असावेत किंवा पुढची फाइल असावी, असं कंपनीच्या परदेशातल्या तज्ज्ञांनी म्हणे अहवालात लिहिलं होतं. मी गंभीर चेहरा करून तो अहवाल ठेवून घेतला.

पुढं नेहमीचं रडगाणं. संकेतस्थळ चालवणाऱ्यांकडून माहिती हवी तर त्या देशाला विनंतीपत्र पाठवावं लागतं. ते आमच्याकडून वर, तिथून मंत्रालयात, तिथून दिल्लीला आणि मग समुद्रापार. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं, की आपलं पत्र मिळालं. फाइल चढवणाऱ्यानं तर आपला माग तीन-चार देशांतून फिरवून आणला होता, त्यामुळं त्या वाटेनंही काही हाती लागेना. वरिष्ठ म्हणाले, ‘अ’ समरी करून टाका, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळून येत नाही. मीही जवळपास तयार झालो होतो.

समरी लिहायची तर निदान मुद्देमाल नजरेखालून घालावा, म्हणून एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मी तो चित्रपट लावला. कुठल्याशा थंड देशातली गोष्ट होती. डोंगरातलं मोठं तळं, काठावर लाकडी घर, त्यात राहणाऱ्या दोन बहिणी. मला त्यांच्या बोलण्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, म्हणून खालच्या ओळी वाचत होतो. पाऊस लागतो आणि धाकटी तशीच बाहेर पळते. थोरली तिच्या मागं रेनकोट घेऊन धावते. खाली लिहिलेलं होतं, ‘आगं इरलं घे की, भिजशील.’

माझा घास हातातच राहिला. इरलं हा शब्द मी आई गेल्यापासून कुठं वाचलाही नव्हता आणि ऐकलाही नव्हता. भातलावणीला वाकलेल्या बायका पाठीवर पानांचं इरलं घेतात, तेवढा मुसळधार पाऊस फक्त घाटाकडं, नाहीतर खाली कोकणात. पण कोकणातला माणूस ‘हितं’ आणि ‘कुटं’ म्हणणार नाही. ते देशावरचं बोलणं. हे दोन्ही एकाच तोंडात भेटतं ते मावळात, नाहीतर आमच्या मुळशीत. मी डबा बाजूला सारला आणि पुढं बघत राहिलो. थोड्या वेळानं थोरली तळ्याकडं बोट करते आणि धाकटीला चल म्हणते. खाली ओळ आली, ‘चल, धरणावर जाऊ.’

धरणं मावळातही आहेत, पण मला आता मुळशीच दिसली. अख्ख्या चित्रपटात धरण कुठंच नव्हतं, ते देवानं केलेलं तळं होतं. पण आमच्या मुळशी धरणाच्या काठच्या गावांत मोठ्या पाण्याला दुसरा शब्दच नाही. दाराबाहेर पडलं की धरण, गुरं पाण्यावर न्यायची ती धरणावर. जे गेलं आणि आता परत मिळायचं नाही त्याला आम्ही ‘धरणात गेलं’ म्हणतो, कारण जुनी शेतं तिथंच गेली आहेत. पुण्याला शाळेत आलो तेव्हा भूगोलाच्या तासाला मी काश्मीरच्या सरोवराला धरण म्हणालो होतो आणि वर्ग पोट धरून हसला होता. तेव्हापासून मी जपून बोलायला लागलो. हळूहळू जपायचीही गरज उरली नाही, ते बोलणंच तोंडातून गेलं. त्या दुपारी एका आरोपीनं ते मला परत वाचून दाखवलं. मला आईची इतकी आठवण आली की मी उठून तोंड धुऊन आलो.

हवालदार बाईंना बोलावून मी हे सगळं सांगितलं. त्यांनी थोडा वेळ चित्रपट पाहिला आणि मला न दिसलेली गोष्ट दाखवली. खाली नुसते संवाद नव्हते. ‘कवाड वाजलं.’ ‘लांब कुत्रं भुकतंय.’ ‘आत भांडं पडलं.’ असंही लिहिलेलं होतं.

“सर,” त्या म्हणाल्या, “हे ऐकू न येणाऱ्या माणसासाठी लिहिलंय.”

मग काम सोपं झालं. धरणाकाठच्या गावांच्या पोलीस पाटलांना मी एकेक करून फोन लावले. घरात ऐकू न येणारं माणूस, संगणक चालवणारं कुणी आणि परदेशात कुणी, असं घर आहे का एवढंच विचारलं. तिसऱ्या की चौथ्या पाटलांनी विचारसुद्धा केला नाही. म्हणाले, “हाय की. म्हातारी मेंढरं-शेरडं राखती. पोरगा लवळ्याला कॉलेजात वर्गातली यंत्रं बशिवतो, लेक कॅनडात दिलीया. काय झालं साहेब, पोरगं तर लई गुणाचं हाय.” काही नाही, चौकशी आहे, असं म्हणून मी फोन ठेवला. पोलीस ‘काही नाही’ म्हणतो तेव्हा काय समजायचं ते पाटलांना ठाऊक असतंच.

रविवारी आम्ही गेलो, साध्या वेशात, खासगी गाडीनं. बावधन सोडून घाट चढलो. गाव माझ्या गावापासून फार लांब नव्हतं. बैठं घर, पुढं अंगण, बाजूला कुडाचा वाडगा आणि त्यात पाच-सहा शेळ्या. ओट्यावर एक बाई दोरी वळत बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, डोक्यावरून पदर. मी नमस्कार केला आणि मुलाचं नाव घेऊन तो कुठं आहे असं विचारलं.

“मोठ्यानं बोलून उपेग न्हाई,” त्या म्हणाल्या, “माझं ऐकणं धरणात गेलं. लिवा.” आणि त्यांनी पाटी-पेन्सिल माझ्यापुढं केली. शाळेतली दगडी पाटी, कडा पितळी पट्टीनं बांधलेल्या. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या. मधल्या वयात ताप आला आणि कान गेले. यंत्र लावून पाहिलं, त्यात नुसती घरघर. तेव्हापासून त्या घरात सगळे पाटीवर लिहून बोलत.

मुलगा कॉलेजात काही बिघाड झाला म्हणून गेला होता. निरोप धाडल्यावर मोटारसायकलवर आला. तिशीतला, सडपातळ, शर्टाच्या खिशात स्क्रू पिळायचा पेचकस. आम्ही कोण ते कळल्यावर पळाला नाही की गडबडला नाही. आईकडं एकदा पाहिलं आणि आम्हाला पडवीत घेऊन आला. मी विचारपूस सुरू केली. साहित्य कोणतं, फाइल कुठून घेतोस, माग परदेशांतून फिरवायला कुणी शिकवलं. त्यानं सगळं सरळ सांगितलं. इंग्रजी ओळी वाचून घरच्या बोलीत लिहायच्या आणि चित्रपटाला जोडायच्या. लपवायचं कसं ते कॉलेजातल्या पोरांच्या बोलण्यातून कळलं होतं. खोटं बोलणारा माणूस आधी थोडं खरं देतो आणि मग अडखळतो. हा अडखळला फक्त एका ठिकाणी. मी विचारलं, ‘हितं थांब, चहा’ हा निरोप कुणाला?

त्यानं खिशातला पेचकस काढून पुन्हा खिशात ठेवला. मग म्हणाला, “आयला आन् तायडीला.”

बहीण लग्न करून कॅनडाला गेली तिला बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याचे आणि तिचे तिथं राहण्याचे कागद अडकले होते. देश सोडला तर परत घेतील याची खात्री नाही, म्हणून तिला येता येत नव्हतं. आईला फोन नाही, कारण ऐकू येत नाही. पडद्यावर एकमेकींचे चेहरे दिसायचे, पण लिहायचं काय? जेवलीस का, थंडी हाय का, शेरडं बरी हायेत का. एवढं लिहून झालं की दोघी नुसत्या एकमेकींकडं बघत बसायच्या आणि मग आई उठून वाडग्याकडं जायची.

“लहानपणी आमी तिघं टीवीवर पिक्चर बघायचो,” तो म्हणाला. “मंग म्या ह्ये काढलं. एकच पिक्चर, दर ऐतवारी आय हितं सांजच्याला बघती, तायडी तितं सकाळी. एकाच टायमाला लावायचा. मधी आय चहा ठिवती. तवा तायडीनं बी थांबायचं, न्हाईतर ती फुडं जाती. मंग दोघी एका जागी न्हाई ऱ्हात.”

दुसऱ्या दिवशी मायलेकी त्या चित्रपटाबद्दल पानंच्या पानं लिहायच्या. थोरली बहीण चुकली की धाकटी, थोरलीच्या नवऱ्याला घरात घ्यायला हवं होतं की नको. फाइल मोठी, पाठवायला जमेना, म्हणून बहिणीनंच ते संकेतस्थळ सुचवलं होतं. बाकीच्या जगानं ती उचलावी असं दोघांच्याही मनात नव्हतं. पण उचलली. हवालदार बाईंनी नंतर मला तिथले अभिप्राय दाखवले. आखातात गाडी चालवणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, की चित्रपट समजला नाही पण घरी जाऊन आल्यासारखं वाटलं.

मला कुणी विचारतं, की तुम्हाला दया आली नाही का. आली. पण मी त्याला तिथंच सांगितलं, की चित्रपट काढणाऱ्यांनीही दिवस घातलेत, पैसा घातलाय, त्यांचीही घरं त्याच्यावर चालतात. शब्द तुझे असतील, पण चित्रपट त्यांचा आहे. तो म्हणाला, व्हय साहेब, ते कळतंय. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

अटक करायचं कारण नव्हतं. हजर राहण्याची नोटीस दिली. पाटलांनी दोन पंच आणले. लॅपटॉप, हार्डडिस्क आणि राउटर असा मुद्देमाल पंचनामा करून ताब्यात घेतला. कागदी वेष्टन, दोरा, लाख, पंचांच्या सह्यांची लेबलं. हवालदार बाई लाख वितळवत होत्या तेव्हा आई येऊन उभी राहिली. तिनं एकेक वस्तू कागदात जाताना पाहिली आणि पाटी माझ्यापुढं धरली.

मी लिहिलं, ‘सदर वस्तू चौकशीकामी जप्त करण्यात येत आहेत.’ हात सवयीनं चालतो.

तिनं वाचलं, पदरानं पुसलं आणि पाटी परत दिली. “समजंल असं लिवा.”

मी पेन्सिल पुन्हा धरली. मग लिहिलं, ‘पिक्चर दुसऱ्याचा हाय. इचारल्याबिगर घेतला. म्हून न्हेतोय.’ किती वर्षांनी मी ते बोलणं लिहीत होतो, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच. असं बोललं जातं, कुणी लिहीत नाही.

तिनं ते वाचलं आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. “तुमी हितलंच की,” ती म्हणाली. मी मान हलवली. तिनं मुलाला बोल लावला नाही की माझ्यापुढं हात जोडले नाहीत. आत पाहिलं. तिथं टीव्हीसमोर चटई अंथरून ठेवलेली होती, शेजारी दोन कप. मला नंतर कळलं की दुसरा कप मुलाचा असायचा. पण त्या घटकेला मला तो लेकीचाच वाटला.

“मंग आज काय करायचं?” तिनं विचारलं. “ती तितं वाट बघत आसंल.”

  मी मुलाच्या फोनकडं पाहिलं. तो मुद्देमालात घेतला नव्हता, कारण फाइली त्यावर नव्हत्या आणि पंचांसमक्ष तशी नोंद केली होती. तो फोन माझ्या हातानं मी त्याच्या खिशात सरकवला आणि बहिणीला निदान कळव म्हणालो.  

माझा मुलगा तेव्हाच जर्मनीला स्थायिक झाला होता. रविवारी आमचा फोन असायचा. जेवलास का, थंडी आहे का, बरं ठेवतो. आम्हा दोघांनाही चांगलं ऐकू येतं. त्या रविवारी तो फोन आला तेव्हा मी तेच बोललो आणि ठेवला.

प्रकरण पुढं गेलं तसंच गेलं. वकिलांना चहाचा अर्थ मी सांगितला. ते आधी हसले आणि मग हसायचे थांबले. त्यांनाही आई होती. त्यांनीच कंपनीला सगळं कळवलं असावं. कंपनीला संकेतस्थळवाले हवे होते, हा नको होता. त्यानं लेखी माफी मागितली, पुन्हा करणार नाही असं हमीपत्र दिलं आणि उच्च न्यायालयात संमतीनं गुन्हा रद्द झाला. संकेतस्थळवाले आजतागायत मिळाले नाहीत. नाव बदलून दुकान चालूच आहे असं ऐकतो. सरहद्द मोठ्यांना आडोसा होते आणि अशा घरांना मात्र आडवी येते, एवढं मी त्या प्रकरणात पाहिलं. यावर माझ्याकडं उपाय नाही.

मुद्देमाल परत करायचा हुकूम झाला तेव्हा फाइली पुसून तो मालकानं ठाण्यातून न्यायचा असतो. मी स्वतः घेऊन गेलो. रस्ता माझ्याच गावाचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. योगायोगानं, किंवा योगायोग म्हणू या, तो रविवार होता.

आई ओट्यावर नव्हती. आत मुलाशेजारी चटईवर बसून टीव्ही बघत होती. मला वाटलं, हा पुन्हा त्याच वाटेला लागला की काय. पडद्यावर मोठं पाणी होतं. पण पाण्याकाठी शेळ्या चालल्या होत्या आणि त्यांच्यामागं काठी घेऊन तीच बाई चालली होती जी माझ्यासमोर बसली होती. खाली ओळी येत होत्या. ‘शेरडाच्या गळ्यातली घंटी वाजतीया.’ ‘वारं सुटलंय.’ ‘आय शेरडांस्नी श्या देतीया.’

आम्ही लॅपटॉप नेला त्याच रविवारी मुलानं फोनवर पहिला तुकडा घेतला होता. मग दर आठवड्याला एक. भाताची खाचरं, जत्रेतले ढोल, शेजारणीची भांडणं. बहीणही तिकडून तिचं घर, बर्फ, बसथांबा पाठवायची आणि भाऊ त्यालाही ओळी जोडायचा. ज्या घंटीचा आवाज त्या माउलीनं कैक वर्षं ऐकला नव्हता तो ती वाचत होती, आणि सातासमुद्रापलीकडं तिची लेक तो ऐकत होती. लेक अजून आलेली नव्हती. कागद अजून अडकलेलेच होते.

मग पडद्यावर ओळ आली, ‘हितं थांब. चहा.’ मुलानं ते थांबवलं, आई उठली आणि मला पाहून तिनं तिसरा कप मांडला.

चहा घेताना मी त्याला विचारलं, याची एक प्रत मिळेल का. विचारताना मला माझंच हसू आलं. इतके दिवस प्रत केली म्हणून मी याच्या मागं लागलो होतो. तो मात्र हसला नाही.

“ह्यो आमचा हाय साहेब,” तो म्हणाला. “घ्या की.”

त्याची परवानगी घेऊनच मी ती फाइल जर्मनीला मुलाला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही. पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. मी ‘जेवलास का’ म्हणायच्या आतच तो म्हणाला, “बाबा, त्यात एक शब्द आलाय. इरलं म्हणजे काय?”

गॅसवर चहा ठेवलेला होता. तो बंद केला, खुर्ची ओढून बसलो आणि त्याला सांगायला लागलो.